अर्धलीची कोंबडी

मावशींनी चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवायच्या एकेका अंड्यावर बारीक फुली मारली. अकरा अंडी, अकरा फुल्या. "खूण नाही केली तर दुसरी कोंबडी येऊन हिच्या अंड्यांतच अंडं घालून जाते. मग रवणीचं कुठलं नि ताजं कुठलं, कळायचं कसं?" त्यांनी विचारलं. कोपऱ्यात प्लास्टिकचा फुटका टब होता. त्यात तळाला चुलीतली राख, राखेवर पेंढा, पेंढ्यात एक गंजका लोखंडी खिळा. राखेमुळे कोंबडीच्या अंगावर उवा-पिसवा होत नाहीत. खिळा कशाला, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, "मेघ गरजला तर अंडी बिघडू नयेत म्हणून. माझी आई ठेवायची."

दिवे लागायची वेळ झाल्यावर त्यांनी कोंबडी आणली. तांबूस, मानेवर काळी झाक, पाय हळदीसारखे पिवळे. चार दिवस ती खुडूक होती, अंडी उबवायला आतुर. अंगावरची पिसं फुलवून बसायची, जवळ गेलं की घशातून घुरघुरायची. टबात सोडताच ती क्षणभर उभी राहिली, मग चोचीने एक अंडं पोटाखाली ओढलं, दुसरं ओढलं, आणि हळूच खाली बसली. अकराही अंडी तिच्याखाली दिसेनाशी झाली. मावशींनी वरून डालगं पालथं घातलं, दार लावून घेतलं. बाहेर, मुंबईच्या आरे कॉलनीतल्या या आदिवासी पाड्याभोवतीच्या झाडीत अंधार उतरला होता. इथे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, आणि तो कोंबडी सोडत नाही.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांनी फुटतं. त्या एकवीस दिवसांत मी तीनदा पाड्यावर गेले. मधल्या काळात उपनगरांतल्या इतर परसांत फिरले, कोंबड्या पाळणाऱ्यांशी आणि पशुवैद्यांशी बोलले. आपल्या अंगणातली गावठी कोंबडी हा एक वाण आहे का, असेल तर तो टिकतो कसा, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

पिवळे पाय

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देशातल्या पशुपक्ष्यांच्या जातींची नोंद होते. कोंबड्यांच्या यादीत असील आहे, कडकनाथ आहे, अंकलेश्वर, निकोबारी, घागस आहेत. महाराष्ट्राला जवळची म्हणावी अशी बुसरा आहे. नंदुरबारचा नवापूर तालुका आणि लगतचा गुजरातचा पट्टा हे तिचं घर, आदिवासी कुटुंबं तिची राखणदार. मुंबईच्या पाड्यांतली, गावठाणांतली, कोळीवाड्यांतली कोंबडी या यादीत नाही. तिचा रंग ठरलेला नाही, तुऱ्याचा आकार ठरलेला नाही. एकाच रवणीतून काळं, तांबडं, ठिपक्यांचं आणि उघड्या मानेचं पिल्लू निघतं. नोंद करायला बसलेला माणूस गोंधळून जाईल.

तिचा वारसा मात्र फार जुना आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीशीर अवशेष थायलंडमधल्या बान नोन वाट इथे सापडले, आणि ते इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातले आहेत. माणूस भात-भरड धान्य पिकवू लागला, सांडलेले दाणे टिपायला रानपाखरू खळ्यावर आलं आणि तिथेच राहिलं, असा त्या संशोधकांचा कयास आहे. पण मावशींच्या कोंबडीचे पिवळे पाय तांबड्या रानकोंबड्याचे नाहीत. पिवळ्या कातडीचा जनुक राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिसून आलं. राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचा रहिवासी, आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवणारा. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या रानाचा हा अंश आहे.

असीलची कथाही अशीच दूरवर जाऊन परत येते. असील आणि अस्सल हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळाचे. हा झुंजीचा कोंबडा, हाडाने जड, छातीने रुंद. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात गेला आणि तिथल्या कोंबड्यांशी संकर होऊन कॉर्निश जात तयार झाली. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधण्याची राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती कॉर्निश रक्ताच्या संकराने जिंकली. आजची ब्रॉयलर त्याच वाटेने आली. अंधेरीच्या मटण-चिकनच्या दुकानाबाहेर पिंजऱ्यात दाटीवाटीने बसलेल्या पांढऱ्या पक्ष्यांच्या छातीत असीलचा वाटा आहे. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांत दोन किलोची होते. गावठी कोंबडी दीड किलोला पोचायला पाच-सहा महिने घेते. गटारीच्या आदल्या दिवशी बोरिवली-मुलुंडच्या बाजारात लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजून गावठीच का मागतात, याचं उत्तर या पाच-सहा महिन्यांत आहे. ती चालली, उकरली, उडाली, किडेमुंग्या टिपून वाढली. तिचा रस्सा वेगळा लागतो, कारण तिने आयुष्य काढलेलं असतं.

आठवा दिवस

आठव्या दिवशी मावशींच्या नातवाने मोबाइलची बॅटरी लावली. अंधाऱ्या कोपऱ्यात एकेक अंडं त्या उजेडावर धरलं. नऊ अंड्यांत लाल रेषांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसलं, मधोमध एक काळा ठिपका हलत होता. दोन अंडी नुसतीच पिवळट, आरपार. ती बाजूला गेली. कोंबडी या सगळ्या वेळात दाणे टिपून, पाणी पिऊन, धुळीत अंग घासून परत आली. दिवसातून एकदाच ती उठते. बाकी वेळ पोटाची पिसं गळून उघडं पडलेलं कातडं अंड्यांना लावून बसते, चोचीने ती फिरवत राहते. कोणी शिकवलेलं नसतं.

गावठी कोंबडीचं खरं धन हेच, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं. व्यापारी अंड्यांची कोंबडी वर्षाला तीनशेवर अंडी देते, पण ती खुडूक बसत नाही. खुडूक बसलेली कोंबडी अंडी द्यायचं थांबवते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो गुणच काढून टाकला गेला. तिच्या पिल्लांना जन्माला यायला उबवणयंत्र लागतं, वीज लागते, हॅचरी लागते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही थांबून थांबून. पण तिला यातलं काहीच लागत नाही. एक फुटका टब आणि मूठभर कणी एवढ्यावर ती पुढची पिढी उभी करते.

या पाड्याच्या शेजारीच, आरे कॉलनीत, केंद्र सरकारची केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आहे. पश्चिम विभागाचं हे केंद्र. अशीच केंद्रं चंदीगड, भुवनेश्वर आणि बेंगळुरूला आहेत. कमी खर्चात परसात वाढतील असे पक्षी पुरवणं, लोकांना प्रशिक्षण देणं हे त्यांचं काम. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा हे पक्षी आपल्याकडे अनेक परसांत पोचले. ते दिसायला रंगीत, अंडी गावठीपेक्षा जास्त, वजनही जास्त. ज्या घराला महिन्याकाठी चार पैसे हवेत, त्या घरासाठी ते चांगलेच. पण त्यांच्यावर रवण बसवता येत नाही, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिढीत तोच जोम येत नाही. दर खेपेला पिल्लं विकत आणावी लागतात. अशा पक्ष्याचा नर गावठी माद्यांत मोकळा सोडला तर दोन-तीन पिढ्यांत खुडूक बसणाऱ्या कोंबड्या कमी होऊ लागतात. परस भरलेलं दिसतं, वाण मात्र हळूहळू विरत जातो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यातले सुमारे ३१.७ कोटी परसातले. २०१२ च्या तुलनेत परसातली संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली. आकडा आनंदाचा आहे, पण त्यात गावठीबरोबर सुधारित पक्षीही आहेत. त्यांतल्या किती कोंबड्या स्वतःची पिल्लं स्वतः काढतात, हे परसात जाऊनच बघावं लागतं.

कडकनाथचा अनुभव तर ताजा आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ आणि धारच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांची ही काळी कोंबडी, कातडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळपट. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि देशभर तिचं नाव झालं. पाठोपाठ, २०१९ साली, आपल्याकडे कडकनाथ पालनाच्या नावाखाली हजारो शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचं प्रकरण उघडकीला आलं. ज्यांनी आयुष्यात कोंबडी पाळली नव्हती, त्यांनी कर्ज काढून शेड बांधली होती. अंडी विकत घेणारा गायब झाला आणि दारात काळे पक्षी उरले. वस्तीत वाढलेला वाण योजनेत घातला की त्याचं असं होतं.

मर

माझं लहानपण मुलुंडच्या डोंगराकडच्या चाळीत गेलं. जिन्याखाली खुराडं होतं, आठ-दहा कोंबड्या होत्या. आईने आजोळहून, कोकणातून, एसटीत टोपलीत घालून आणलेली एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, हे त्यांचं मूळ. मी दहा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात मर लागली. आधी एक कोंबडी पंख पाडून बसली, हिरवट पातळ हगली, मग तिची मान वाकडी होऊन पाठीकडे वळली. सहा दिवसांत खुराडं रिकामं झालं. आई रडली नाही. पलीकडच्या चाळीतल्या काकूंकडे गेली आणि येताना दोन कोंबड्या घेऊन आली.

त्या दोन कोंबड्या आमच्याच होत्या. वर्षापूर्वी आईने एक तलंग काकूंना अर्धलीने दिली होती. अर्धल म्हणजे कोंबडी आमची, सांभाळ तुमचा, निघालेली पिल्लं निम्मी-निम्मी. बकरीत हे चालतं, गाईत चालतं, कोंबडीतही चालतं. तेव्हा मला तो गरिबांचा व्यवहार वाटला होता. आज वाटतं, मुलुंडच्या त्या दोन चाळींनी मिळून एक वाण जपला होता.

त्या रोगाला आपण मानमोडी म्हणतो, पशुवैद्य राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून आलेलं हे नाव. लस आहे, स्वस्तही आहे. पुण्यात औंधला राज्य सरकारची पशुजैव पदार्थ निर्मिती संस्था अशा लसी तयार करते. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराने ती एकट्याने आणायची कशी? ज्या पाड्यांत कोंबड्या टिकल्या आहेत, तिथे दहा-बारा घरं एक दिवस ठरवतात, सगळ्यांच्या कोंबड्या संध्याकाळी डालग्यांखाली आल्या की एकाच कुपीतून सगळ्यांना देऊन टाकतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, पुढे लासोटा या लसीची मात्रा, आणि दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचणी.

बुसराच्या घरी, नवापूरला, तर मर दुसऱ्याच रूपाने आली. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच आढळला. मोठ्या पोल्ट्रींतला रोग थांबवण्यासाठी आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तेच झालं. साथ आवरायला ते आवश्यक होतं, हे मी पशुवैद्यांकडून ऐकलं आणि मला ते पटतं. पण एका पट्ट्यात राहणारा वाण अशा एका आठवड्यात किती खचतो, हेही त्यातून दिसतं. अशा वेळी भरवसा एकच, तोच वाण दुसऱ्या गावात, लेकीच्या सासरी, मामाच्या अंगणात कुणीतरी सांभाळत असणं.

एकविसावा दिवस

विसाव्या रात्री मावशींनी कोमट पाण्याची परात मांडली. अंडी अलगद पाण्यात सोडली. सात अंडी डुचमळली, जणू आतून कोणी धक्का देत होतं. दोन शांत राहिली. "ही गेली," त्या हळूच म्हणाल्या. सात अंडी पुसून परत टबात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा कोंबडीचा आवाज बदललेला होता. खोल, मऊ, अखंड. तिच्या पोटाखालून बारीक चिवचिव उत्तर देत होती, अंडं फुटायच्या आधीच. मावशींनी पंख जरासा उचलला. एका कवचाला तडा गेला होता आणि भोकातून इवल्या चोचीचं टोक दिसत होतं, त्या टोकावर मोहरीच्या कणाएवढा पांढरा काटा. कवच फोडायला निसर्गाने दिलेला तो काटा दोन-तीन दिवसांत गळून जातो. पिल्लू थांबायचं, दम घ्यायचं, पुन्हा टोचायचं. मला हात लावून मदत करावीशी वाटली. मावशींनी मनगट धरलं. "नको ताई. आपण सोडवलं की ते जगत नाही."

दुपारपर्यंत सात पिल्लं झाली. दोन काळी, तीन तांबूस, एक पांढरट, एक उघड्या मानेचं. पहिला दिवस त्यांना काही खायला घालत नाहीत, अंड्यातला बलक पोटात असतो, तो पुरतो. दुसऱ्या दिवशी तांदळाची कणी आणि नातवाने रानातून आणलेलं वाळवीचं ढेकूळ. ढेकूळ फोडल्यावर कोंबडी एकेक वाळवी उचलून पिल्लांसमोर टाकत होती, स्वतः खात नव्हती.

परस नाही, तर वस्ती

आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली. सुमारे तेराशे हेक्टर जमीन, आणि तिच्यात सत्तावीस पाडे. वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं दुधाच्या तबेल्यांच्याही आधीपासून इथे आहेत. त्यांच्या कोंबड्या फक्त खाण्यासाठी नसतात. वाघोबाला, गावदेवीला कोंबडा लागतो, पाहुणा आला तर लागतो, मुलाच्या शाळेच्या फीला दोन कोंबड्या विकाव्या लागतात. पण पाडा उठवून कुटुंबाला इमारतीत घर दिलं की कोंबडी पहिल्या दिवशी जाते. सातव्या मजल्यावर खुराडं नसतं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, गोराईत, एक्सर-वझिऱ्याच्या गावठाणांत, मरोळच्या ईस्ट इंडियन घरांच्या मागच्या अंगणांत हेच हळूहळू घडलं आहे. अंगणावर मजला चढला, विहीर बुजली, शेजारी बदलला. ज्या एक-दोन घरांनी कोंबड्या ठेवल्या, त्यांना कोंबडा बदलून घ्यायला घर उरलं नाही. मग बाप आणि त्याच्याच मुली यांच्यापासून पुढची पिढी होते, अंडी फुटत नाहीत, पिल्लं कुडी धरत नाहीत. लोक म्हणतात, गावठी आता टिकत नाही. ती एकटी पडलेली असते.

म्हणून ज्यांच्याकडे अजून अंगण आहे, बंगल्याचं परस आहे, त्यांना माझी विनंती आहे. दोन गावठी कोंबड्या आणून पाळा, जरूर पाळा, पण एकट्याने पाळू नका. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. तो दर दीड-दोन वर्षांनी ओळखीच्या दुसऱ्या गावठी कळपाशी बदलून घ्या, हॅचरीतून आणू नका. जी कोंबडी खुडूक बसते, तिला पाण्यात बुडवून किंवा नाकपुडीत पीस घालून उठवू नका. तिला वर्षातून एकदा तरी रवण बसवा, थंडी सरताना बसवली तर पिल्लांना पावसाआधी पंख फुटतात. लस शेजाऱ्यांबरोबर घ्या. दिवस मावळला की कोंबड्या आत घ्या, कारण मुंगूस, मांजर आणि बिबट्या या शहरातही आहेत. आणि एक तलंग नेहमी दुसऱ्याच्या घरी असू द्या.

श्रावण संपल्यावर मी पुन्हा पाड्यावर गेले. सातांपैकी एक पिल्लू पहिल्याच आठवड्यात कावळ्याने नेलं होतं, एक पावसात गारठून गेलं. दोन नर गटारीला विकले गेले होते, त्या पैशांत नातवाचे बूट आले. उघड्या मानेचा तिसरा नर मात्र मावशींनी राखून ठेवला होता. तो अंगणात उंच मान करून उभा होता, आरवायला शिकत होता, आवाज मधेच फाटत होता.

"आणि दोन तलंगा?" मी विचारलं.

एक आवारातच होती. दुसरी मावशींनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यावर, बहिणीकडे पोचवली होती. कापडी पिशवीत घालून, बेस्टच्या बसने, पिशवीला श्वासापुरतं भोक पाडून. "तिच्याकडे उन्हाळ्यात सगळ्या मेल्या. आता निम्मी पिल्लं तिची, निम्मी माझी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आपल्याकडे मर आली तर मग मला तिच्याकडून आणायला येईल ना."